रस्त्याकडे पाठ केलेलं घर

माझ्या आत्याबद्दलची एक बातमी सध्या गावभर फिरते आहे, आणि ती मी बऱ्याच आवाजांत ऐकली आहे. दूधवाला ती कुजबुजत सांगतो. शेजारच्या काकू "मला काय करायचंय म्हणा" अशी सुरुवात करून सविस्तर सांगतात. आमच्या वर्गात ती ओरडूनच सांगतात. बातमी अशी, की कुणीतरी तिच्या कामाला नावं ठेवली, तिचं डोकं फिरलं आणि रागाच्या भरात तिनं स्वतःच बांधलेल्या इमारतीचं तोंड विटांनी बुजवून टाकलं.

यातल्या विटा खऱ्या आहेत. राग साफ खोटा. आत्या रागावली की तिचा आवाज बारीक होत जातो, इतका की शेवटी शिट्टी वाजेल असं वाटतं, आणि विटांचं ठरलं त्या दिवशी तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. शिवाय त्या इमारतीला कुणी नावं ठेवलीच नव्हती. जो तो कौतुकच करत होता. तीच तर पंचाईत होती.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. आर्किटेक्ट आहे. आमच्याकडेच वरच्या खोलीत राहते. खोलीत एक टेबल, त्यावर नकाशांच्या गुंडाळ्या, आणि आत्याच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, जी ती दिवसभर शोधत असते. भिंतींबद्दल ती नातेवाइकांसारखं बोलते. ही भिंत जरा हट्टी आहे, त्या भिंतीला कुणी विचारतच नाही, वगैरे. जेवताना कुणी नुसतं "आज बरं वाटतंय, हवा आहे" म्हटलं तरी घास तसाच हातात धरून ती उठते आणि हवा कुठून येते ते बघायला जाते.

हल्लीच्या काचेच्या इमारतींवर तिचा भारी दात. आधी भट्टी बांधायची आणि मग तिच्यात बर्फ ओतत बसायचं, याला म्हणे बांधकाम म्हणतात. जुन्या लोकांकडे यंत्रं नव्हती, म्हणून त्यांना डोकं वापरावं लागलं, असं तिचं म्हणणं. या विषयावर तिचं एक भाषण आहे. ते मी खोकल्यासकट करून दाखवू शकते. त्यात जुन्या रस्त्यावरचं विणकरांचं एक लांबट घर येतं. आत्यानं ते घर शिकत असताना इंच न् इंच मोजलं होतं. मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, छपराची खूप खाली उतरलेली कड, आणि लांबलचक पडवी, जिच्यात माग मांडलेले असत. गंमत म्हणजे हे सगळं घराच्या मागच्या अंगाला. रस्त्याच्या बाजूला नुसती जाड भिंत आणि वर हाताएवढ्या खिडक्या. पाहुण्याला वळसा घालून जावं लागे. भाषणात इथे आत्या चष्मा काढायची आणि म्हणायची, "या घरानं रस्त्याकडे पाठ केली आहे. का? तर बाहेरच्या जगाचा संकोच." मग ती थांबायची. समोरचे लोक माना डोलवायचे. ते थांबणं मी तिच्यापेक्षा चांगलं करते.

तर या आत्याला ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र बांधायचं काम मिळालं, आणि तिनं विणकरांचं घरच उभं केलं. भिंतीची जाडी तीच, छपराची उतरण तीच, खांबांमधलं अंतर तेच. रस्त्यावरून जाताना पडवीतले लाकडी खांब ओळीनं दिसायचे आणि माणसं चालता चालता थांबायची. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या खांबांचा फोटो आला. आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. आजोबा केंद्रात रोज जायचे. संध्याकाळी आले की आत्या विचारायची, "अण्णा, कसं आहे केंद्र?" आजोबा म्हणायचे, "उत्तम." वर्षभर हा संवाद एका शब्दानंही बदलला नाही.

मग उन्हाळ्यात केंद्राच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्षांचं बोलणं म्हणजे मऊ उशीत लपवलेली टाचणी. "म्हणजे कसं आहे ताई, इमारत सुंदरच आहे हो, त्याचा प्रश्नच नाही. फक्त आत बसवत नाही." समितीनं ठरवलं होतं की पडवी काचेनं बंद करायची आणि आत एसी लावायचे. आत्याला फक्त कळवायला फोन केला होता.

आम्ही सगळे आत्याकडे बघत बसलो. तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणी तिच्यासमोर तिच्याच नावाचा फलक उतरवून नेतंय. मग तिचा आवाज बारीक व्हायला लागला. लोकांना यंत्राशिवाय बसताच येत नाही, सवयी बिघडल्यात, त्यांना चांगल्या जागेची किंमतच नाही. शिट्टी वाजायच्या आत ती उठली आणि उन्हातच केंद्राकडे निघाली. मी मागे लागून गेले. असलं काही चुकवणं मला शक्यच नव्हतं.

केंद्राचा मोठा हॉल रिकामा होता. खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीनं मांडलेल्या, कॅरमबोर्डवर धूळ, आणि माणूस एकही नाही. कोपऱ्यात केंद्र सांभाळणारी ताई वैतागलेलं तोंड करून घाम पुसत होती. ही ताई कुठलीही गोष्ट प्रश्न विचारूनच सांगते. आत्यानं विचारलं, सगळे कुठे गेले? ताई म्हणाली, "कुठे जाणार? मागे नसतील का?"

मागे म्हणजे जाड भिंतीच्या पलीकडे, जिथे पार्किंग आणि पाण्याची टाकी होती. आम्ही वळसा घालून गेलो आणि मी जागच्या जागी थिजले.

अख्खं केंद्र तिथे होतं. एका स्कूटरच्या सीटवर पत्त्यांचा डाव मांडलेला. दोन आज्या पालथ्या बादल्यांवर बसून लोकर विणत होत्या आणि लोकरीचा गुंडा स्कूटरच्या आरशाला अडकवलेला. कुणी टाकीच्या कठड्यावर, कुणी भिंतीला पाठ लावून जमिनीवर. आणि आमचे आजोबा कुणाच्या तरी स्कूटरच्या मागच्या सीटवर, जणू आत्ता निघणारच आहेत अशा थाटात, वर्तमानपत्र वाचत बसले होते.

आत्याला बघून पत्ते थांबले. आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, की ते स्कूटरवर लक्ष ठेवायला बसलेत.

"कुणाच्या स्कूटरवर?" आत्यानं विचारलं.

"अशा सगळ्यांच्याच."

आमच्याकडे स्कूटर नाही. कधीच नव्हती.

तिथे एक तारवाले आजोबा आहेत. जन्मभर तार खात्यात काढल्यामुळे त्यांना एकही शब्द जास्तीचा बोलवत नाही. आत्यानं त्यांना विचारलं, तुम्ही आत का बसत नाही? ते म्हणाले, "आत भट्टी. इथे सावली. कळावे."

आत्या काहीतरी सुनवायला म्हणून पुढे सरकली, पण एका आजीनं आपली बादली तिच्याकडे सरकवली, आणि नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून ती बसली. पाठ भिंतीला टेकली. मी तिच्याकडे बघत होते म्हणून सांगते, ती पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून तशीच राहिली. मग तिनं हात मागे नेऊन तळवा भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. सगळीकडे ऊन रणरणत होतं आणि तिथे इमारतीचीच सावली पडली होती, दाट आणि रुंद, थेट टाकीपर्यंत.

ती उठली आणि पुढच्या बाजूला गेली. मी मागोमाग. तिच्या त्या फोटोतल्या पडवीत पश्चिमेचं ऊन छपराच्या कडेखालून तिरपं घुसलं होतं, खांब ओलांडून, दार ओलांडून, हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकलं होतं. फरशी चपलेतून चटके देत होती. आत्या त्या उन्हात उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं तिला ऊन लागलं.

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा न पिता वर गेली आणि गुंडाळ्या उपसायला लागली. विणकरांच्या घराचा जुना नकाशा सापडला. केंद्राचा नकाशाही पारदर्शक कागदावर होता. तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले आणि मला कोपरे दाबायला सांगितलं. उत्तर दिशेचे बाण एकमेकांवर आले, पण घरं जुळेनात. तिनं वरचा कागद काढला, पालथा केला आणि पुन्हा लावला. भिंतीवर भिंत बसली. खांबावर खांब बसला. खिडकीवर खिडकी. सगळं घर एकाच ठोक्यात जुळलं.

मी म्हणाले, "आत्या, हे काय?"

ती खाली फरशीवर बसली. "मी आरशात बघून बांधलंय गं," ती म्हणाली.

मग तिला आठवलं ते तिनं सांगितलं, आणि ते ऐकून मला आणखीच धक्का बसला, कारण ते इतकं साधं होतं. आधी तिनं केंद्राचा नकाशा विणकरांच्या घरासारखाच काढला होता, पडवी पूर्वेला. पण रस्ता पश्चिमेला होता. इतकी देखणी पडवी मागे पार्किंगकडे तोंड करून बसणार, आणि रस्त्याला दिसणार कोरी भिंत? तिनं कॉम्प्युटरवर एक कळ दाबली, नकाशा उलटला, आणि ती चहा प्यायला गेली. तिनं त्या घराची प्रत्येक गोष्ट मोजली होती. घराचं तोंड कुठे आहे हेही लिहून ठेवलं होतं. फक्त ते तिला माप वाटलं नव्हतं.

"आणि मी वीस वर्षं लोकांना सांगत फिरतेय, संकोच," ती म्हणाली. "कसला संकोच? त्यांना दुपारी माग चालवायचा होता. पश्चिमेचं ऊन जाड भिंतीवर झेलायचं, ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि आपण पलीकडे सावलीत काम करायचं. एवढंच होतं ते."

भाषणातलं ते थांबणं आठवून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आजोबा घरी आले तेव्हा आत्या दारातच उभी होती. तिनं विचारलं, की अण्णा, तुम्हाला माहीत होतं तर मला बोलला का नाहीत. आजोबांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, की तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आत्या म्हणाली, मी रोज विचारत होते, तुम्ही रोज उत्तम म्हणत होतात.

"तू केंद्र कसं आहे ते विचारायचीस," आजोबा म्हणाले. "ते उत्तमच आहे. मी बसतो कुठे, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

आत्या दारातून बाजूला झाली. आईनं ताटं घेतली.

आता काय करायचं यावर बाबांचं मत तयार होतं. बाबा सरकारी कचेरीत आहेत आणि त्यांच्या तोंडून कुठलीही गोष्ट आपोआप घडते, कुणी ती करत नाही. ते म्हणाले, समितीनं काच लावायची ठरवली आहे, लावू दे. काचेतून खांब दिसतातच. इमारत जशीच्या तशी राहील, नाव राहील. आणि कुणी विचारलंच तर काही तांत्रिक कारणास्तव असं म्हणायचं. यात मुद्दा असा होता, की त्याच अध्यक्षांच्या हातात नव्या शाळेचं कामही होतं. ते आत्याला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं, आणि शाळा बांधणं हे आत्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत जुनं स्वप्न होतं. लहान असताना ती म्हणे भिंतीवर शाळाच काढायची, म्हणून मार खायची. काच लावू दिली तर शाळा मिळणार होती. पण वीज गेली की ती काचेची पेटी म्हाताऱ्या माणसांना घेऊन तापणार होती, आणि त्यात आमचे आजोबाही असणार होते.

आत्यानं सभा दुपारी ठेवायला सांगितली, हॉलमध्येच. अध्यक्ष बूट घालून, वरपर्यंत बटणं लावून आले आणि थोड्याच वेळात त्यांनी रुमाल काढला. मागून वळसा घालून आलेली स्कूटरवाली मंडळी दारात गर्दी करून उभी होती. बाबा माझ्या शेजारी होते आणि ओठांनी आत्याला "तांत्रिक" असं सांगत होते.

आत्या उभी राहिली. "ही इमारत उलटी बांधली गेली आहे," ती म्हणाली. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. मग ती थांबली, आणि म्हणाली, "बांधली गेली नाही. मी बांधली. मी उलटी बांधली."

माझ्या कानांवर माझा भरवसा आहे, पण त्या वेळी मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मोठी माणसं असं बोलत नाहीत. मी इतक्या जणांच्या नकला केल्या आहेत, पण हे वाक्य कुणाच्या तोंडी कधी घालावं लागलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कसं आहे..." आणि अडकले. म्हणजे कसं आहे, हे त्यांना सांगताच येईना.

आत्यानं नकाशा भिंतीला लावला. मागच्या जाड भिंतीत दारं पाडायची, तिथे पडवी काढायची. पार्किंग रस्त्याच्या बाजूला न्यायचं. आणि पुढची पडवी मातीच्या विटांनी, मागच्याइतक्याच जाड भिंतीनं बंद करायची, वर हाताएवढ्या खिडक्या ठेवून. समितीतल्या एका बाईंना आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. त्यांनी विचारलं, की म्हणजे ते फोटोतले खांब? आत्या म्हणाली, ते भिंतीत जातील.

"पण मग फोटोचं काय?"

"फोटोत कुणी बसत नाही," आत्या म्हणाली.

दारातून तारवाल्या आजोबांचा आवाज आला. "मागचं उघडा. पुढचं बुजवा. तातडीचे." मग दारातली सगळीच गर्दी बोलायला लागली, आणि समितीला मान डोलावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

शाळेचं काम गेलं. अध्यक्षांनी फोनवर फार गोड शब्दांत सांगितलं. म्हणजे कसं आहे ताई, आम्हाला अजिबात शंका नाही, पण लोक बोलतात. ते काम ज्याला मिळालं त्याच्या नकाशात पुढची सगळी बाजू काचेची आहे. आत्यानं फोन ठेवला आणि बराच वेळ अंबाड्यातली पेन्सिल शोधत राहिली. मी ती काढून दिली नाही. तिला शोधू दिलं.

बांधकाम सुरू झालं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. गवंडी एकेक थर चढवत होते आणि ते प्रसिद्ध खांब अर्धे भिंतीत, अर्धे बाहेर, चिखलात रुतल्यासारखे दिसायला लागले. येणारे जाणारे थांबून विचारायचे, काय, सील केलं का? मासिकवाल्यांनी फोन करून विचारलं, की तिथे काही दंगल वगैरे झाली का. डोकं फिरल्याची बातमी तेव्हाच कुठेतरी जन्मली असणार. आत्या रोज उन्हात उभी राहून विटा मोजायची, आणि घरी येऊन आजोबांना विचारायची, "आज कुठे बसलात?" आजोबा सविस्तर सांगायचे. आता त्यांना आवरणं कठीण झालं होतं.

काम पूर्ण झाल्यावर मी ते रस्त्यावरून पाहिलं. गोदामाची मागची बाजू अशी असते. समोर स्कूटरी लावलेल्या, वर बारक्या खिडक्या. भिंतीवरून हात फिरवत मी आत्याला म्हणाले, हे काही चालणार नाही, म्हाताऱ्यांना सवय स्कूटरींची आहे, ते उद्या बादल्या उचलून इथे पुढे येऊन बसतील, आत कुणी बसणार नाही.

आत्या म्हणाली, "बसणार नाहीत हे बरोबर. झोपतील."

मी हसले. आमचे आजोबा दुपारी कुठेही झोपत नाहीत, स्वतःच्या घरीसुद्धा नाही. तिथली निम्मी माणसं रात्रीही झोप येत नाही म्हणून तक्रार करतात. मी म्हणाले, लाव पैज. ती म्हणाली, लावली. ती हरली तर तिचं पुढचं भाषण मी करायचं, तिच्या आवाजात, चष्म्यासकट, आणि तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकायचं. मी हरले तर झोपलेला शेवटचा माणूस उठेपर्यंत मी तिथेच बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अगदी तयारीनं गेले. रस्त्यावर ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. स्कूटरींजवळ कुणी नव्हतं. मी वळसा घालून नव्या पडवीतून आत गेले, आणि दारातच माझे डोळे विस्फारले. हॉलमध्ये अंधूक उजेड आणि पाण्याच्या माठाजवळ असतो तसा गारवा होता. पत्ते जमिनीवर तसेच पडलेले. लोकर विणणाऱ्या आज्या एकमेकींच्या खांद्याला टेकून गाढ. तारवाले आजोबा सरळ रेषेत आडवे. आणि आमचे आजोबा खुर्चीत, वर्तमानपत्र तोंडावर, श्वासागणिक त्याची एक घडी उडत होती.

आत्या पडवीत बसली होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि शेजारची जागा दाखवली.

हळूहळू सगळे उठले. आजोबांनी झोपलो नव्हतो असं जाहीर केलं. ताईनं चहा आणू का, असं विचारत चहा आणला. मीही जायला उठले, तर आत्यानं माझा हात धरला आणि कोपऱ्याकडे मान वळवली. खिडकीखालच्या बाकावर, बूट काढून, वरची बटणं सोडून, अध्यक्ष झोपले होते. पाहणी करायला आले होते म्हणे. त्यांचं घोरणं काय वर्णावं. आधी लांबवर मालगाडी, मग कुणी कपाट सरकवतंय, आणि शेवटी उकळत्या किटलीसारखी शीळ. इतकं सुरेख घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि दिवेलागणीपर्यंत मला हूं की चूं करता आलं नाही.